थांबलेला पंखा आणि फडफडणारी चिंधी

पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या फाटकापाशी मुंगी शिरायला जागा नव्हती. कामगार, समोरच्या दुकानांतली माणसं, कुणाच्या सुना, कुणाची पोरं, सगळे माना उंचावून एका मोठ्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर मागच्या भिंतीवरचा पंखा गरगरत होता. ओला पुठ्ठा वाळवणारा, चार पात्यांचा, माणसाहून उंच. इथून तो दिसत नसे, म्हणून त्याचं चित्र ड्रोन वर नेऊन दाखवत होते.

वाऱ्याला थांबवतो म्हणवणारे थांबमहाराज पडद्यासमोर उभे राहिले, डोळे मिटले, हात वर केला आणि गरजले, "वायो! बस खाली!"

पडदा क्षणभर मिचमिचला. आणि पंखा थांबला! चारही पाती खिळे ठोकल्यासारखी गप्प.

"जय हो!" गर्दी उसळली. एक बाई हुंदके देऊ लागली. कारखान्याचे मालक तर महाराजांच्या पायाशी अर्धे वाकले होते. त्याला कारणही तसंच होतं. पात्यांवर लगद्याचा जाड थर बसला होता. तो खरवडायचा तर पंखा अर्धा दिवस बंद ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात ओला पुठ्ठा वाकून त्याची कमान होते. पंखा चालू ठेवूनच काम होणार असेल, तर मालकाला देव काय नि भूत काय, दोघेही चालतात.

"जेवणाच्या सुट्टीनंतर तुमचा माणूस वर चढवा," महाराज म्हणाले. "मी इथून वायूला धरून ठेवतो. त्याने निर्धास्त हात घालावा. डोळ्यांना पंखा फिरताना दिसेल, वारा लागेल, आवाज येईल. ती सगळी माया! डोळा खोटं बोलतो, कॅमेरा बोलत नाही."

तो माणूस म्हणजे मावशीचा जावई.

मावशी तीस वर्षं त्याच पंख्याला तेल घालत होती. तिने जावयाला बाजूला ओढलं. "जावईबापू, अक्कल गहाण ठेवलीत का?"

"आई, तुम्ही उगाच काळजी करता. कॅमेऱ्यात दिसलं ना सगळ्यांना?"

"कॅमेऱ्याला तुमची बायको आहे का? हात गेला तर तिला भाकर कोण देणार, कॅमेरा?"

जावई हसला. पण त्याचे कान लाल झाले. मालकापुढे नाही म्हणणं त्याला जमत नसे, ही त्याची खरी अडचण. लोकांच्या भक्तीत अशी भीती बरीच मिसळलेली असते.

मावशी पडद्यापाशी गेली. कारखान्यात एक जुनी रीत होती. पंख्याच्या जाळीला लाल चिंधी बांधलेली असे, आणि जवळ जाणाऱ्याने पात्यांकडे बघायचंच नाही, चिंधीकडे बघायचं. ती लोंबली असेल तरच पुढे पाऊल. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवत. पडद्यावर मात्र चिंधीच्या जागी नुसता लालसर डाग होता, सांडलेल्या चटणीसारखा.

"अरे बाबा, चित्र एवढं अंधूक का?" तिने ड्रोनवाल्याला विचारलं. तो महाराजांचा सख्खा मेहुणा, काळा चष्मा लावून हातातल्या यंत्राशी खेळत होता.

"मावशी, दर्जा कमी ठेवलाय, चित्र अडखळू नये म्हणून. तुम्हाला नाही समजायचं."

"मग समजणारीला बोलावते." मावशी समोरच्या दुकानाकडे वळून ओरडली, "ए फोटोवाले! तुझं ते उडतं कोंबडं घेऊन ये!"

लग्नाचे फोटो काढणारी ती शेजारीण स्वतःचा ड्रोन घेऊनच आली. महाराजांनी कपाळाला आठ्या घातल्या. "परक्या यंत्राने वायू बिथरतो!"

"एवढा हळवा वायू बंद पंख्यात कशाला बसवलात?" मावशी म्हणाली. लोक हसले. गर्दी एकदा हसली की महाराजांचं निम्मं तेज उतरतं.

फोटोवालीने आपला ड्रोन वर नेला आणि त्याचं चित्र पडद्याला जोडलं. "पहिल्यांदा दर्जा सगळ्यात वरचा ठेवते." चित्र लख्ख झालं. जाळीवरचा गंज दिसला आणि लाल चिंधीही दिसली. ती आडवी ताठ होऊन फडफडत होती.

"आता सेकंदाला पंचवीस चित्रं घेते." तिने बोट फिरवलं. पंखा थांबला! महाराजांचा हात तेव्हा खिशात होता.

गर्दीत कुजबुज झाली. पाती स्थिर, आणि शेजारी चिंधी वादळात सापडल्यासारखी.

"पंखा थांबलाय, मग चिंधीला काय ताप आलाय?" मावशीने विचारलं.

"आता तीस चित्रं," फोटोवाली म्हणाली. पंखा हळूहळू उलटा फिरू लागला.

"अरे वा! महाराज, आता वायू माघारी निघाला!" मागून कुणीतरी ओरडलं.

फोटोवालीने समजावलं, "व्हिडिओ म्हणजे एकामागोमाग काढलेले फोटो. पंखा सेकंदाला सव्वासहा वेळा फिरतो, पाती चार. म्हणजे एका जागेवरून सेकंदात पंचवीस पाती जातात. कॅमेराही पंचवीस फोटो घेत असेल, तर दर फोटोत त्याच जागी पुढचं पातं येतं. पाती सारखीच, म्हणून पंखा थांबल्यासारखा दिसतो. तीस घेतले, तर दर वेळी पुढचं पातं थोडं मागेच राहतं, म्हणून उलटा दिसतो. ऊन कडक असलं की कॅमेरा फोटो क्षणात टिपतो, म्हणून पातीही स्वच्छ उमटतात. महाराजांचा हात वर होताच मेहुण्याने आकडा बदलला. पडदा मिचमिचला तो त्यामुळे. आणि दर्जा उतरवला तो चिंधी दिसू नये म्हणून."

"कपट! शाप लागेल!" महाराज कडाडले.

मावशीने ओल्या पुठ्ठ्याचं एक लांब पान उचललं. "चला महाराज, मागे. तुम्ही वायूला धरून ठेवा आणि पहिला हात तुम्हीच घाला. आम्ही कॅमेऱ्यात बघतो."

महाराजांचा हात छातीपाशी गेला. "आम्ही... साधनेत आहोत."

मग मावशी स्वतःच मागे जाऊन शिडी चढली आणि दुरूनच ते पान जाळीच्या फटीतून आत सरकवलं. टर्रर्र! भिंतीमागून कागदाचे तुकडे उडाले आणि पडद्यावर पुठ्ठ्याचा चुरा पावसासारखा झाला. जावई आपल्याच बोटांकडे बघत राहिला.

"मालक," खाली येत मावशी म्हणाली, "पुठ्ठा पुन्हा बनतो. माणसाचा हात बनवायचा कारखाना अजून कुणी काढला नाही. पंखा बंद करा."

मालकांनी मान खाली घातली आणि मोठा खटका ओढला. जावई खटक्याच्या कुलपाची किल्ली कमरेला बांधून शिडी चढला आणि दुपारभर लगदा खरवडत बसला. सत्तर पुठ्ठे वाकले.

थांबमहाराज आणि त्यांचा मेहुणा मात्र मागच्या बाजूने असे पळाले, की त्यांना थांबवायला कुठल्याही कॅमेऱ्याचा आकडा पुरला नसता.

डोळ्यांनी दिसतं ते सगळं खरं नसतं, हे महाराज म्हणाले ते खरंच होतं. पण पडद्यावर दिसतं तेही सगळं खरं नसतं, हे त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला एवढंच विचारा: चित्र लख्ख ठेवशील का? आमच्या यंत्रानेही बघू देशील का? आणि धोका असेल तिथे पहिला हात तुझा घालशील का? या तीन प्रश्नांना जो पाठ दाखवतो, त्याच्या पाया पडण्याआधी आपला हात शाबूत आहे ना, ते एकदा पाहून घ्या.