हंगामभराची भाजी

भाजी मी निवडून आणते. दुसऱ्याने निवडलेली भाजी माझ्या घरात कधी शिजली नाही. शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे मला सगळे ओळखतात. मी लांबून दिसले की टोमॅटोवाला ढिगाच्या तळाचे टोमॅटो स्वतःच वर काढायला लागतो, कारण ही बाई तळ बघितल्याशिवाय हलणार नाही हे त्याला ठाऊक आहे. काकडीवाली एकदा म्हणाली, आजी, सुनेलासुद्धा तुम्ही एवढं पारखून घेतलं नसेल. मी म्हटलं, नाही घेतलं, म्हणून तर आता काकडी पारखते.

आमचे हे पिशव्या धरून मागे उभे राहायचे. कुलपं दुरुस्त करण्यात जन्म गेला, माणूस मुळातच गप्प. मी भांडायला लागले की दुसरीकडे बघून हसायचे आणि बाजाराबाहेर आल्यावर विचारायचे, आज कोणाला रडवलंस?

यंदा थंडी सरता सरता यांचं पोट बिघडलं आणि सुधारायचं नाव घेईना. दवाखान्यात पोट उघडलं, आत बघितलं आणि काही न करता परत शिवून टाकलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, त्यांना जे आवडेल ते खायला द्या. सून पथ्य लिहून घ्यायला पेन काढून बसली होती. मी म्हटलं, ठेव ते आत. डॉक्टर पथ्य सांगत नाहीत तेव्हा काय समजायचं ते समजण्याएवढी अक्कल मला आहे.

पण समजलं म्हणून हात जोडून बसणारी मी नव्हे. आवडेल ते द्या म्हणाले ना, मग आवडेल ते शोधायचं. खाल्लं की अंगी लागेल आणि अंगी लागलं की उठून बसतील, इतकं सरळ धरून मी चालले होते. गाजराचं सूप केलं, भोपळ्याचं केलं, पालक शिजवून चाळणीतून गाळून दिला. दोन चमचे घ्यायचे आणि मान फिरवायचे. मी म्हणायची, या वेळचं गाजर जून होतं, पुढच्या शनिवारी बघा.

बाजार शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जाऊन यायला अर्धा दिवस मोडतो. मुलगा आणि सून वरच्या मजल्यावर राहतात, पण शनिवारी दोघंही कामावर. एका शनिवारी कोवळ्या शेंगांसाठी मी अडून राहिले. घरी आले तर हे बाथरूमच्या दाराशी जमिनीवर. एक चप्पल पायात, दुसरी पार पलंगाखाली. म्हणाले, पडलो नाही, जरा बसलोय. किती वेळ बसले होते ते काही सांगेनात. ओठांना पापुद्रे आले होते. त्यांना उठवताना माझ्या लक्षात आलं की मला ते एकटीला उचलता येतात. पूर्वी त्यांचा नुसता हात खांद्यावर पडला तरी मी वाकायची.

मग सुनेने पेटीचं काढलं. ती दातांच्या डॉक्टरांकडे येणाऱ्यांची नावं लिहून घेते, तिथे कोणीतरी तिला सांगितलं होतं. शहराबाहेर एका बाईचं शेत आहे. तिच्या शेतात आपण हंगामभराचा वाटा घ्यायचा, पैसे आधीच भरून टाकायचे, आणि दर गुरुवारी आपल्या नावाची भाजीची पेटी मागच्या गल्लीत मास्तरांच्या गॅरेजमध्ये येऊन पडते. मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे. शेतात त्या आठवड्यात जे निघालं ते पेटीत. निवड नाही, नाक मुरडणं नाही, हंगाम संपेपर्यंत मधे सोडणं नाही.

मी म्हटलं, म्हणजे भाजी मला निवडणार. सून म्हणाली, आई, पण बाबांना सोडून जावं लागणार नाही.  तरी मी बराच वेळ बोलत राहिले.

मुलगा पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभा होता. मोजून मापून बोलायची त्याला सवय नाही, म्हणून मोजून बोलला तेव्हा लगेच कानाला जाणवलं. म्हणाला, "हंगामभराचं कशाला बांधून घ्यायचं? सध्या आठवड्याचं आठवड्याला बघू ना."

सुनेने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ग्लास खाली ठेवला. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. तिथून यांचा आवाज आला.

"बरोबर बोलतोय तो. बाजारातूनच आण. हंगाम लांबलचक असतो."

मी दारात जाऊन उभी राहिले. हे छताकडे बघत होते, जसं काही हवापाण्याचंच बोलत होते. मी सुनेला तिथूनच सांगितलं, "उद्या जाऊन नाव घाल. पूर्ण वाटा. अगदी शेवटच्या गुरुवारापर्यंत."

त्या बापलेकांना चूक ठरवण्यासाठी मी पेटी घेतली, हे खरं आहे. आणि हंगामाचे पैसे भरलेत म्हटल्यावर माणसाला हंगाम काढावा लागेल असंही मला वाटलं होतं.

पहिल्या पेटीत चिखल निघाला. चिखलाखाली सलगम, बीट आणि चपलेच्या तळव्यासारखी जाड पानं. दात असलेल्या माणसाने ती चावत बसावी आणि नसलेल्याने बघत बसावी. यांच्यासाठी त्यात काही म्हणजे काही नव्हतं. दुसऱ्या गुरुवारी मी जरा लवकर गेले. गॅरेजमध्ये फळीवर सगळ्यांच्या पेट्या ओळीने मांडलेल्या, वर नावाच्या चिठ्ठ्या, आणि आसपास कोणी नाही. मी सहज शेजारच्या पेटीत डोकावले. त्यात कोवळ्या शेंगा होत्या, बोटाने मोडल्या तर टचकन तुटतील अशा. माझ्या पेटीत पुन्हा सलगम. मी सलगम तिकडे ठेवलं आणि शेंगा इकडे घेतल्या. वजनाला वजन दिलं, जास्तच दिलं. याला कोणी चोरी म्हणणार असेल तर म्हणो. बाजारात मी जन्मभर हेच केलं, तिथे याला पारख म्हणतात.

त्या शेंगांचं सूप यांनी अर्धी वाटी घेतलं. अर्धी वाटी घेऊन वर म्हणाले, मीठ कमी आहे. मीठ कमी आहे म्हणणारा माणूस बरा होत असतो, असं मी वर जाऊन सुनेला ऐकवून आले.

मग दर गुरुवारी मी निवडायला लागले. कोणाच्या पेटीतला बारका भोपळा, कोणाची लालबुंद स्ट्रॉबेरी. यांनी पुन्हा अर्धी वाटी काही घेतली नाही, पण मला दोष द्यायला जागा होती. पान जाड होतं, फळ आंबट होतं, शेतवालीला शेतीच येत नाही. पुढच्या गुरुवारी चांगलं सापडेल.

एका गुरुवारी माझा हात दुसऱ्याच्या पेटीत असताना गाडीच्या पलीकडून मास्तर उठून उभे राहिले. चाकाशी काहीतरी करत बसले होते. त्यांच्याबरोबर शेतवालीही होती, पायात मोठे बूट, हातात रिकामी पेटी. मी हात काढला नाही. उत्तरं माझ्याकडे तयार होती. पैसे भरलेत, सलगम काय तुमच्या घरी खातात का, बोलवा कोणाला बोलवायचं ते. चांगलं कडाक्याचं भांडण होईल आणि घरी गेल्यावर यांना सांगायला काहीतरी होईल, असंही मनात येऊन गेलं.

शेतवाली जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "असू द्या आजी. तुमच्या सूनबाईंनी सांगितलंय मला. तुम्हाला हवं ते घेत जा, बाकीच्यांनाही मी कल्पना दिलीय."

मास्तर खाली बघून फडक्याने हात पुसत होते. हात आधीच स्वच्छ होते.

त्या दिवशी मी सुनेला सोडलं नाही. म्हटलं, गावभर कशाला दवंडी पिटलीस? मला भिकारीण करून ठेवलंस. ती ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, आई, मी एवढंच सांगितलं की बाबा जेवत नाहीत. खोटं सांगितलं का?

पुढच्या गुरुवारपासून माझी पेटी भरून वाहायला लागली. येणारा प्रत्येक जण आपल्यातलं सगळ्यात चांगलं काढून माझ्या पेटीत ठेवून जायचा. कोवळी गाजरं, मुठीत मावेल एवढा कोबी, पानात गुंडाळून ठेवलेली फळं. एकातही खोट काढता येईना. तळापासून बघितलं, दाबून बघितलं, वास घेतला. बाजारात एवढा नितळ माल मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता.

यांनी त्यातलं काही खाल्लं नाही. सूप ओठांना लावलं की बाजूने ओघळायचं आणि मी पुसायची. पाणीसुद्धा आता चमच्याने. आता पान जाड म्हणायची सोय नव्हती, शेतवालीला शिव्या द्यायची सोय नव्हती, पुढच्या गुरुवारी चांगलं सापडेल म्हणायचीही नव्हती. जे काही चांगलं म्हणून होतं ते सगळं घरात येऊन पडलं होतं. मी ते शिजवायची आणि ओट्याशी उभी राहून एकटी खायची. टाकायचं कसं?

गेल्या गुरुवारी शेतवालीने मला गॅरेजच्या दारात थांबवलं. दोन-तीनदा इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, काहीजण अर्धा वाटा घेतात, पेटी लहान येते, हंगामाच्या मधेही बदलून देता येते, तुम्हाला सोयीचं वाटलं तर बघा. मी म्हटलं, माझ्या घरातली माणसं मोजायला तुला कोणी सांगितलं? तिचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं.

घरी येऊन यांच्या उशाशी बसले आणि सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ती कशी म्हणाली, मी कसं झापलं, बूट वाजवत कशी पळाली. पळाली नव्हती, ते मी पदरचं घातलं. मला वाटलं, दुसरीकडे बघून हसतील. हे माझ्याकडेच बघत होते. बोलायला आता त्यांना श्वास गोळा करावा लागतो. तो गोळा होईपर्यंत मी थांबले.

"अर्धाच घे," म्हणाले. "एवढं तुला एकटीला संपत नाही."

अहो, काहीतरीच काय, असं तोंडापर्यंत आलं होतं.  यांनी डोळे मिटले. मी पेटीतला कोबी काढला, चिरायला बसले, आणि अर्ध्यातच सुरी खाली ठेवून वर गेले. सुनेला म्हटलं, शेतवालीला फोन लाव.

ती विचारत राहिली, काय सांगू? मी सांगितलं.

आज लहान पेटी आली. मास्तरांनी ती फळीवरून उचलून माझ्या हातात दिली. नेहमी वाटेत दोनदा खाली टेकवावी लागायची. आज न थांबता घरापर्यंत आले.