लाल टिंबांची वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, फ्रेंच क्रियापदांची. डोंबिवलीच्या सुहासिनीबाईंनी मला स्वतः सुईदोऱ्याने शिवलं. त्या घरी शिकवण्या घ्यायच्या. माझ्या पानांवर त्यांनी क्रियापदांची रूपं लिहिली, उच्चाराच्या तुकड्यांमध्ये उभ्या रेघा मारल्या आणि जोर पडतो त्या तुकड्याखाली लाल टिंब दिलं. फ्रेंचमध्ये जोर ऐकू येणाऱ्या शेवटच्या तुकड्यावर असतो. 'आम्ही बोलतो' म्हणजे 'पार-लों', टिंब 'लों'खाली. 'ते बोलतात' मात्र नुसतं 'पार्ल'. शेवटची तीन अक्षरं लिहायची, म्हणायची नाहीत.

वीस वर्षं मुलं माझ्यावर बोट ठेवून शिकली. मग मोबाइल आले आणि मी कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. पुढे बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज कुजबुजण्यापुरता उरला आणि शिकवण्याच बंद पडल्या.

गेल्या वर्षी शहाडची शालन आली. फ्रेंचच्या लेखी परीक्षेत पहिली, तोंडीत दोनदा नापास. तिसऱ्यांदाही नापास झाली, तर कल्याणच्या शाळेतली शिक्षिकेची जागा हातची जाणार होती.

"मराठीत आपण लिहिलेलं सगळं वाचतो ना, मॅडम. तीच सवय नडते," ती म्हणाली.

आपल्याला आता बोलून दाखवता येणार नाही, असं बाईंनी पाटीवर लिहिलं. शालन उठली नाही. तेव्हा बाईंनी मला खाली काढलं, धूळ पुसली आणि टेबलावर बोटं वाजवली: रेघेपर्यंत हलकं, टिंबाशी ठसठशीत. शालन त्या ठोक्यांवर म्हणू लागली.

एक दिवस ती 'हाक मारणे'पाशी अडली. 'ती हाक मारते' म्हणजे 'आ-पेल' लिहिताना दोन 'ल', 'आम्ही हाक मारतो' म्हणजे 'आ-प-लों' लिहिताना एकच. कितीतरी वेळ ती दोन्ही वाजवून बघत होती. मग हळूच म्हणाली, "जोर 'पेल'वर असला की दोन, पुढे सरकला की एक."

बाईंचे डोळे भरून आले. असं उत्तर त्यांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

शालन पास झाली, शाळेत रुजूही झाली. आता दर रविवारी ती बाईंकडे चार मुलं घेऊन येते. ती क्रियापदं म्हणून दाखवते, बाई ठोके देतात, आणि मी दोघींच्या मध्ये उघडी असते. माझे कोपरे झिजलेत, पण मी सुखात आहे.

मित्रांनो, जुन्या वह्यांना अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि ज्यांचा आवाज बसलाय, त्यांच्याजवळ जरा खुर्ची ओढून बसा. त्यांना अजून खूप शिकवायचं असतं.