शिडीच्या पायातली तार

"वेल नाही मास्तर, तार आहे ती! डोळे आहेत का बटणं?"

फोटोबाईंचा आवाज वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरून खाली पेपर वाचणाऱ्यांपर्यंत गेला असणार. पण पोस्टमास्तर ढिम्म. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावलं आणि म्हणाले, "वेल असावी, बाई."

पडद्यावर आफ्रिकेतला एक पाणवठा होता. तिथल्या झाडावर बसवलेला कॅमेरा दिवसभर चालू असायचा आणि इथे ही हौशी माणसं दोन-दोन तासांच्या पाळ्या लावून त्याच्यासमोर बसायची, बिनपगारी. जोडीतल्या एकाने कॅमेरा फिरवत बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. शेवटी दोघांनी आपापलं 'मान्य' दाबलं की नोंद पक्की. एक जरी अडून बसला, तर पान बंदच व्हायचं नाही आणि पुढच्या जोडीला बसता यायचं नाही. पक्क्या नोंदीत 'तार' हा शब्द आला, की तिथल्या जंगलरक्षकांना लगेच निरोप जायचा.

आणि सोमवारी पाण्यावर आली होती शिडी. जिराफाची मादी ती, पण गटात सगळे तिला शिडीच म्हणत. तिच्या पुढच्या डाव्या पायात, खुराच्या वर, काहीतरी आवळलेलं होतं. शिकाऱ्याचा फास तो, बाईंना पहिल्या नजरेत कळलं. मोठ्या दवाखान्यात एकतीस वर्षं एक्स-रे काढलेल्या बाई त्या. सावलीवरून हाड ओळखायचं म्हणजे ओळखायचं! त्यांना वेल आणि तार कळू नये?

"लिहा, तार."

"मी वेल लिहिलंय. पटत असेल तर दाबा मान्य."

"पटत नाही!"

तेवढ्यात पुढच्या पाळीच्या दोघी बहिणी जिन्यात येऊन ठाकल्या. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. "झालं का हो?" धाकटीने विचारलं. पोस्टमास्तर हाताची घडी घालून बसलेले. बाईंचं डोकं नुसतं भणभणत होतं. जाऊ दे मेलं, म्हणून त्यांनी बोट टेकवलं. मान्य.

घरी जाऊन जेवायला बसल्या, आणि ताट बाजूला सारून सुनेला सगळं सांगितलं. "आई, अहो, एवढं काय? परक्या मुलखातलं जनावर ते," सून म्हणाली.

"जनावराचं नाही गं. मी दाबलं ना मान्य! माझ्या हाताने!"

सुनेला काय कळणार. एकदा एका रंगाऱ्याच्या छातीच्या फोटोत बाईंना वाटाण्याएवढा डाग दिसला होता. मोठ्या डॉक्टरांनी 'काही नाही' लिहून टाकलं. बाई गप्प बसल्या. आपलं काम फोटो काढायचं, सांगायचं काम डॉक्टरांचं. आठ महिन्यांनी रंगारी परत आला तेव्हा डाग लिंबाएवढा झाला होता. "नियमाप्रमाणेच झालंय सगळं," असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. त्या दिवशी बाईंनी स्वतःला बजावलं होतं, पुन्हा असं गप्प बसायचं नाही. आणि आता पेन्शनीत येऊन पुन्हा तेच करून बसल्या होत्या.

मंगळवारच्या जोडीलाही शिडी दिसली. पण आदल्या दिवशीच्या पक्क्या नोंदीत वेल होती, म्हणून त्यांनीही वेलच उतरवली. दोघांचं मान्य असलेलं कोण कशाला तपासतंय?

बुधवारी पुन्हा या दोघांची पाळी. शिडी आली ती तीन पायांवर. जिराफाला पाणी प्यायचं तर पुढचे पाय फाकवून वाकावं लागतं. तिने एकदा करून पाहिलं, दोनदा पाहिलं. सुजलेला पाय बाजूला सरकेना. पाणी समोर, आणि मान काही केल्या तिथवर पोचेना. शेवटी ती नुसती उभी राहिली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी पोस्टमास्तरांना बाहीला धरून अक्षरशः आपल्या खुर्चीत बसवलं.

"आज तुम्ही बघा, मी लिहिते. न्या कॅमेरा जवळ. अजून जवळ! काय दिसतंय? बोला!"

पोस्टमास्तरांचा हात थांबला. "तार आहे."

"मोठ्याने!"

"तार आहे हो बाई! मांसात रुतलीय."

दोघांनी मान्य दाबलं. निरोप गेला. पण बाईंचा पारा उतरेना. "सोमवारी काय झालं होतं? तुमचाच हेका खरा!"

पोस्टमास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "गेल्या वर्षी मी तार म्हणालो होतो. त्या बिचाऱ्या रक्षकांनी दिवसभर गाडी हाकली, आणि निघाली वेल. वर्षभर सगळा गट मला वेलमास्तर म्हणून चिडवत होता. मग जीभच रेटेना."

"चार लोक हसले म्हणून मुकं जनावर मरू द्यायचं?"

"ते नाव तुम्हीच पाडलं होतंत, बाई."

पाडलं होतं खरं. चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसल्या होत्या.

शुक्रवारी पाळी सुरू झाली आणि तासाभराने गट सांभाळणारीचा फोन आला. मुलगी गोड बोलायची. शिडी गुरुवारी सापडली, असं तिने सांगितलं. तार हाडापर्यंत गेली होती. उठता येत नव्हतं, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी तिला शांतपणे, कायमचं झोपवलं. दोन दिवस आधी कळतं तर पाय वाचला असता.

"पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं काकू. सगळं नियमाप्रमाणेच झालंय."

"चुलीत घाल तुझा नियम!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या, की पोस्टमास्तर खुर्चीतून उठले. "ऐक. तार दिसली की एकाचं मान्य पुरे, असं कर आजच्या आज. नाही केलंस तर मी रोज फोन करीन. रोज!"

मग मुलगी हळूच म्हणाली, "करते, काकू." तिने फोन ठेवला.

पोस्टमास्तरांनी सोमवारचं पान उघडलं होतं. "वेल खोडून तार करतो मी. तुम्ही मान्य द्या. निदान लिहिलेलं तरी खरं होईल."

बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "नको. आता तार लिहून कुणाचं भलं होणार आहे? वेल लिहिलंत, वेलच राहू दे. खाली तुमचं नाव आहे, माझंही आहे. वाचू दे लोकांना."

पोस्टमास्तरांचे डोळे भरून आले. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. त्यांना रडायचं नव्हतं, कुणाला तरी थोबाडीत द्यायची होती, आणि द्यायला समोर फक्त त्या स्वतःच होत्या.

पाणवठ्यावर झेब्रे आले असावेत, खुरांचे आवाज येत होते. दिसत मात्र काही नव्हतं. शिडीचं डोकं चौकटीत मावावं म्हणून सकाळी बाईंनीच कॅमेरा वर करून ठेवला होता, आणि तासभर पडद्यावर नुसतं आभाळ होतं.

बाईंनी हात पुढे केला आणि कॅमेरा सावकाश खाली आणला, झेब्र्यांच्या उंचीपर्यंत.