न धुतलेला सदरा

पहाऱ्याचा सदरा धुवायचा नसतो, हे वरच्या वाडीत बोबडं बोलणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. धुतात तो मेलेल्याचा. जिवंत माणसाचा सदरा घामासकट घरच्या माणसाच्या उशीखाली नऊ दिवस राहतो, आणि त्या वासाच्या मागावर लांडगा दहाव्या सकाळी डोंगर उतरून येतो. आधी आईच्या उशीखाली, लग्न झालं की बायकोच्या.

यातलं शेवटचं ओदोकियाला कधी पटलं नव्हतं. तिचा नवरा दरडीखाली गेला तेव्हा तनास पाच वर्षांचा होता. एकटीने वाढवला, सोळाव्या वर्षी पहाऱ्यावर धाडला आणि पुढची अकरा वर्षं दर शरदात सीमेच्या दगडापाशी उभं राहून परत माणसांत आणला. आता वसंतात आलेल्या सुनेच्या हातात ते सगळं द्यायचं, म्हणजे काय?

डोंगराला वाडीत म्हातारी म्हणतात. तिच्या माथ्यावर गारा झोपलेल्या असतात. खालच्या खोऱ्यातले लोक चांदीच्या आशेने तिथे खणायला येतात, आणि एकदा कुदळ लागली की गारा जाग्या होतात, आणि रायचं पीक नि मेंढरं दोन्ही झोपतात. म्हणून त्यांना हाकलायला बर्फ पडायच्या आधी वाडीतले सात जण दगडापाशी सदरे उतरवून, लांडगे होऊन चार पायांनी वर जातात. तनासच्या आधी ओदोकियाही कितीतरी वर्षं गेली होती. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिने पहारा सोडला, पण स्वतःचा सदरा मात्र पेटीत तसाच ठेवला होता.

सून हाफिया वाईट नव्हती, हीच खरी अडचण होती. जरा उर्मट असती तर ओदोकियाला कडाकडा भांडता तरी आलं असतं. ही पोरगी सायीत शिजवलेल्या मक्याच्या कण्यांवर मेंढीचं चीज कुस्करून आधी सासूपुढे ठेवायची आणि मग स्वतः खायची.

तनास वर गेला त्या दिवशी ओदोकिया सहज म्हणाली, "बघू तो सदरा. बाही उसवलीय, दोन टाके घालते."

हाफियाने दिला. ओदोकियाने परत दिला तो दुसराच. कापड तेच, गळ्याशी लाल भरतकामही तेच, कारण दोन्हींवर तिचाच हात फिरलेला. तनासने तो जेमतेम दोनदा अंगात घातला असेल.

"आई, याला वास कमी येतोय का हो?" हाफियाने विचारलं.

"नाक वाहतंय तुझं, त्याला सदरा काय करणार? गरम पाणी पी."

खरा सदरा नऊ दिवस ओदोकियाच्या उशीखाली होता. पोराचं वाईट व्हावं असं तिच्या मनात असणं शक्यच नव्हतं. तिने ठरवलं होतं ते एवढंच, की दहाव्या सकाळी सदरा आपल्या अंगरख्याखाली घेऊन जायचं. तनास बायकोला ओलांडून सरळ आपल्यापाशी येईल. सगळी वाडी बघेल. मग आपण हसून सदरा काढू आणि म्हणू, अगंबाई, अदलाबदल झाली वाटतं. तिने ते वाक्य चुलीपुढे बसून दोनतीनदा म्हणूनही पाहिलं होतं.

दहाव्या सकाळी सगळे दगडापाशी जमले. ओढ्याकाठी तो उंच पांढरा दगड आहे. सूर्य कड्यावर आला की ऊन त्याच्या टोकाला शिवतं. तोवर लांडग्याने सदऱ्यात डोकं घालायचं. ऊन शिवल्यावर कोणी माणूस होत नाही. सदरा धरणारा एकटा पुढे, बाकीचे मागे दोरीपाशी.

सहा जण आले. कोणी आईच्या हातात, कोणी नवऱ्याच्या. थरथरत माणसं झाले, घोंगड्या पांघरून दूध प्यायला बसले. सातवा तनास. करडा, डाव्या कानाला खाच. हाफिया सदऱ्याचा गळा दोन्ही हातांनी उघडा धरून उभी होती.

"तनास," ती म्हणाली. "ये रे. घरी चल."

तो सात पावलांवर थांबला. नाक वर केलं. पुन्हा दोन पावलं आला, सदरा हुंगला आणि मागे सरकला.

ओदोकिया वाट बघत राहिली. आता येईल. पण मेंढीच्या कातड्याचा तो जाड अंगरखा, त्याखाली कसला वास कळणार? नऊ दिवस ज्या सदऱ्यावर ती नाक खुपसून झोपली, तो तिनेच मेंढीच्या वासात पुरून टाकला होता. तनास गोल फिरू लागला. एकदा दोरीकडे आला, पुन्हा हाफियाकडे गेला. घशातून बारीक कुंई निघत होती.

"अगं, काय झालं काय?" वाडीचा पहारेप्रमुख ओनुफ्री हाफियाला विचारत होता. "सदरा धुतलास की काय, पोरी?"

"नाही हो काका. शपथ."

आणि सगळ्यांची नजर हाफियावर गेली. ओदोकियाला तेव्हाच बोलता आलं असतं. तोंड उघडलंही. पण सगळ्या वाडीसमोर, आणि ते ठरवलेलं हसू तर ओठांवर येईना. अजून थोडा वेळ आहे, असं तिने कड्याकडे बघून स्वतःला सांगितलं. दहा श्वास गेले असतील फार तर.

मग ती धावली. दोरी ओलांडून, अंगरखा उघडत, गुडघ्यांची पर्वा न करता. "तनास, हा घे, हा बघ." तो झेपावत आला. सदऱ्यात त्याने तोंड खुपसलं, शेपटी हलवली, कान पाडले.

दगडाच्या टोकावर ऊन आलं होतं.

तो लांडगाच राहिला. बराच वेळ तो सदऱ्यावर हनुवटी टेकून पडून होता, आणि ओदोकिया त्याच्या मानेवरून हात फिरवत होती. मग उठला आणि चढण चढून गेला.

हाफियाने हातातल्या सदऱ्याची नीट घडी घातली.

"मला सांगितलं असतंत, तर तुमच्याच उशीखाली राहू दिला असता, आई," ती म्हणाली. "मी तुमच्यामागे उभी राहिले असते."

ओदोकियाने खाली पडलेला खरा सदरा उचलून तिच्या हातात दिला.

घरी दोन दिवस चूल पेटली ती हाफियाने पेटवली म्हणून. तिसऱ्या दिवशी ओनुफ्री आला. टोपी हातात फिरवत बसला.

"पहारा तर उतरला, वहिनी," तो म्हणाला. "वर आता तो एकटाच. एकटा लांडगा पहिला हिवाळा काढत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं बर्फ भुरभुरलं. ओदोकियाने पेटीतला आपला सदरा काढून अंगात घातला. पोटावर तो आता ओढ घेत होता. हाफियाला हाक मारून ती दगडापाशी आली आणि चुलीतल्या राखेची पुडी तिच्या हातात दिली. मग सदरा उतरवला, अंगाला घोंगडी गुंडाळली.

"हा घे. राख लावून चांगला धू."

हाफियाने सदरा छातीशी धरला. "मी नाही धुणार. मी उशाशी ठेवते. नऊ दिवसांनी येईन ना मी इथे. मी धरीन."

"तू धरलास तर मी येईन गं," ओदोकिया म्हणाली. "मला घरचा वास आला की राहवणार नाही. मग तो वर एकटा पडेल."

"गुडघे तुमचे..."

"चार असतील तर चालतील." ती जरा हसली. "आणि तू माझ्यासारखी नाहीस. तू धुशील."

घोंगडी दगडाशी पडली. चढणीवर थोडं अंतर म्हाताऱ्या बाईची अनवाणी पावलं उमटलेली होती, पुढे पंजे. उजवा मागचा पाय जरा ओढत टाकलेला.

हाफिया ओढ्यात उतरली. पाणी हाडं गोठवणारं होतं. तिने राख लावली, घासलं, हुंगलं. वास येत होता. पुन्हा राख लावली. दुपारपर्यंत ती धूत होती, शेवटी सदऱ्याला नुसत्या पाण्याचा वास राहिला.

तो तिने कुंपणावर वाळत घातला. तनासचा सदरा घरात तिच्या उशीखाली होता. तो मात्र तिने धुतला नाही.