वरातीची चाल

लहानूनं तीस वर्षं सीताबर्डीच्या एका लग्नाच्या बँडात क्लॅरिओनेट फुंकली होती. आता, ब्याऐंशी साली, त्याच्या फुप्फुसांनीच हात टेकले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात चालायचा व्यायाम करताना सातव्या खांबापाशी तो धापा टाकत खाली बसे.

व्यायाम घेणाऱ्या घाटेबाईंनी एक दिवस घरून टेपरेकॉर्डर आणला. गाण्यावर पाय झपाझप पडतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी बँडची कॅसेट लावली. लहानू दोन पावलं चालून थांबला. परत दोन पावलं, परत थांबला.

"थांबता कशाला?" बाई वैतागल्या.

"वरात अशीच चालते, बाई. नाचणारे समोर सरकल्याशिवाय बँडले पाय उचलता येत नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. पण तसाच थांबत थांबत लहानू विसाव्या खांबाशी, बाईंच्या खोलीपर्यंत पोचला, आणि त्याला धाप लागली नव्हती. बाईंनी त्याची नाडी पाहिली, दार उघडलं आणि म्हणाल्या, "या, आत बसा."

लहानू उंबऱ्याशीच उभा राहिला. नवरदेवाला मांडवाच्या दारापर्यंत पोचवायचं, एवढंच बँडवाल्याचं काम. तीस वर्षांत त्याला कोणी आत बोलावलं नव्हतं.