मे महिन्यातली गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे. मित्रांनो, आमच्या वर्ध्याकडे होळी झाली की गोधड्या कडुनिंबाचा पाला घालून पेटीत जातात. मी मात्र कधी गेले नाही. आणि त्याचा मला केवढा गर्व होता!

अल्लीपूरच्या शकुबाईच्या पहिल्या बाळंतपणासाठी तिच्या आईनं जुन्या लुगड्यांपासून मला शिवलं. ते बाळ म्हणजे काजल. पोर मोठी झाली, तरी शकुबाईनं मला सोडलं नाही. बाहेर अंगण तव्यासारखं तापलेलं आणि ही मला हनुवटीपर्यंत ओढून पडलेली. जावा म्हणत, "पाहा वं, हिले उन्हात हिव भरलं! कामचोर कुठची!" शकुबाई ओशाळून हसे. मला वाटे, काय ही माझ्यावरची माया!

दोन हजार चार साली काजल बाळंतपणाला माहेरी आली. बाळाला घेऊन पिपरी मेघेला, सासरी निघाली तेव्हा शकुबाईनं मला तिच्या हाती दिलं. "घेऊन जा वं. मले नाई लागत आता." चक्क खोटं बोलली!

मे उजाडला. कूलर घरघरत होता आणि काजल मला लपेटून बसली होती. सासू सुलोचनाबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "काऊन वं, तुहं माहेर का हिमालयात हाय?" काजल ओशाळून हसली. अगदी आईसारखी. मी पुन्हा फुगले.

मग एके दिवशी दूध उतू गेलं, बाळ रडून रडून लाल झालं, आणि काजल शेजारी नुसती बघत बसलेली. सासूबाई रागानं धावल्या, तिचा हात खसकन ओढला आणि तिथंच थबकल्या. "माय वं! पोरीचे हात त बर्फावानी!" माझ्यासकट तिला ऑटोत घालून त्यांनी दवाखाना गाठला.

चार दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हाही मी तिच्या अंगावर होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गळ्यातली थायरॉइड म्हणजे शरीराची चूल. रोगाशी लढणारी आपलीच प्रतिपिंडं तिला वैरी समजून विझवतात. बायकांत जास्त आढळतं, बाळंतपणानंतर पुष्कळदा उघडं पडतं. घराण्यातही असतं. आईला काही?"

काजलनं माझी किनार मुठीत धरली. "आईले बी उन्हाळ्यात गोधडी लागे. हीच."

मित्रांनो, माझे टाकेच उसवल्यासारखे झाले. जिला मी माया समजत होते, तो आजार होता! वीस वर्षं मी त्यावर पांघरूण घालत होते!

शकुबाईला बोलावलं, तपासलं. तोच आजार. शिवाय इतकी वर्षं औषध नाही, म्हणून रक्तातली चरबी वाढलेली, हृदयही थकलेलं. "रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, हळूहळू बरं वाटेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शकुबाईला ते ऐकूच आलं नसावं. ती हळूच म्हणाली, "म्हंजे मी कामचोर नव्हती, बाई?"

सुलोचनाबाईंनी मान खाली घातली.

पुढची होळी झाली आणि काजलनं मला पाला घालून पेटीत ठेवलं. झाकण लागलं तेव्हा बाहेर ती बाळामागे धावत होती.

जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. मला खुशाल विसरा. पण भर मे महिन्यात घरात कुणी गोधडी मागितली, तर हसू नका. आधी तिचा हात हातात घेऊन बघा.