रंगाखालची सातवी पायरी

"शिडीला रंग लावायचा नाही पोरांनो, कधी म्हणजे कधीच नाही. तेल पाजायचं. रंगाखाली तडा दिसत नाही, आणि न दिसलेल्या तड्यावर आपल्यातलंच कुणीतरी पाय ठेवतं."

हा आवाज एका म्हाताऱ्या सुताराचा. तो जाऊन वीस वर्षं झाली, पण माझ्या लाकडात तो अजून घुमतो.

मित्रांनो, मी त्याच सुताराच्या हातची एक जुनी शिडी आहे. आज मला पाचच पायऱ्या आहेत. पूर्वी बारा होत्या. बाकीच्या सात कुठे गेल्या हे सांगायला बसले की अजूनही माझ्या सांध्यांत कापरं भरतं. तरी सांगते, कारण हे न सांगता राहिल्यामुळेच सगळं घडलं.

सुताराने माझ्यासाठी सरळ रेषांचं लाकूड निवडलं होतं. दोन उभे दांडे, बारा गोल पायऱ्या. एकेक पायरी बसवून तो तिच्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारी आणि कान लावून ऐके. आवाज स्वच्छ आला की मान हलवी आणि गुणगुणे:

पहिली गं पायरी, मातीला सांगून,
दुसरी गं पायरी, वाऱ्याला मागून,
तिसऱ्या पायरीला देवाचं नाव घ्यावं,
खाली धरणारा असेल, तरच वर जावं.

त्याचे दोन मुलगे भुश्शात खेळता खेळता हे गाणं शिकले. मोठे होऊन दोघेही रंगारी झाले. थोरला शांत, नीटनेटका. "याच्या हातात काच द्या, फुटायची नाही," असं बाप चारचौघांत सांगे आणि थोरल्याची छाती फुगे. धाकटा हलका, हसरा, खोडकर. वर चढायचं काम त्याचं. मला धरून खाली उभं राहायचं काम थोरल्याचं. चढण्याआधी धाकटा दर वेळी विचारी, "दादा, धरलंय ना?"

"धरलंय रे छोट्या. चढ."

एवढंच बोलणं. पण त्या दोन शब्दांच्या भरवशावर धाकटा पार छतापर्यंत जाई आणि वरून शीळ घाली. मला वाटे, माझा खरा भार लाकडावर नसून त्या शब्दांवर आहे.

सुतार वारला. दोन वर्षं गेली. एका शनिवारी थोरला एकटाच मला हातगाडीवरून घरी आणत होता. वळणावर गाडीचं चाक घसरलं आणि मी दगडी पायरीवर आदळले. माझ्या सातव्या पायरीत कट्ट असा आवाज झाला. डाव्या दांड्यातही, सातव्या पायरीपासून सहाव्यापर्यंत, केसासारखी बारीक चीर गेली.

थोरल्याने दोन्ही पाहिलं. रस्त्यात कुणी नव्हतं. त्याने पायरीवर टिचकी मारली. आवाज बद्द आला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

मित्रांनो, तेव्हा त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: "छोट्या, माझ्या हातून शिडी पडली." पण ज्याच्या हातून काच फुटत नाही असं सगळे म्हणतात, त्याला हे वाक्य फार जड जातं. सोमवारी शाळेच्या सभागृहाचं काम संपवायचं होतं. पायरी बदलायची तर दांडे सोडवायला हवेत, अख्खा दिवस जाणार. एवढ्याने काय होतंय, छोट्या तर पिसासारखा हलका, असं त्याने स्वतःला समजावलं. दोन्ही चिरांत पुट्टी भरली. एकच पायरी रंगवली तर डोळ्यांत येईल, म्हणून मला नखशिखान्त हिरवा रंग दिला. रविवारी मी वाळत होते आणि तो नखात हिरवा रंग घेऊन चर्चमध्ये प्रार्थनेला जाऊन बसला.

सोमवारी धाकटा मला पाहून खो खो हसला. "दादा, शिडीची नवरी केलीस की! बाबा असते तर तुझा कान धरला असता."

"वाळवी लागू नये म्हणून," थोरला म्हणाला.

माझ्या आयुष्यातली ती पहिली भीती. रंगाखाली श्वास कोंडावा तसं झालं. माणसांना हाक मारता येते. मला फक्त कुरकुरता येतं.

"दादा, धरलंय ना?"

थोरल्याच्या तळव्यांना घाम आला होता. तो माझ्या दांड्यांवर ओला लागत होता. "धरलंय," तो म्हणाला.

पाचवी पायरी. सहावी. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून कुरकुरले. धाकटा वरून म्हणाला, "नवरी रुसली वाटतं." आणि त्याने सातवीवर पाय ठेवला.

पुढचं मी फार सांगणार नाही. धाकट्याचं खुब्याचं हाड मोडलं. तो जगला, पण पुन्हा कधी वर चढला नाही. काठी टेकत चालू लागला, बसून दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. घरी चार वर्षांची लेक होती. ती सारखी विचारी, बाबा असे का चालतात.

जमलेल्या लोकांतलं कुणीतरी म्हणालं, "जुनं लाकूड. काय भरवसा." सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. त्याचे ओठ उघडले. मला वाटलं, आता सांगेल.

"शिडीनं दगा दिला," तो म्हणाला.

आळ माझ्यावर आला. मी काय बोलणार?

मला जाळायचं ठरलं होतं. पण बापाच्या हातचं लाकूड थोरल्याच्याने जाळवेना. त्याने मला चर्चच्या मागच्या कोठीत, झाडू आणि सतरंज्यांच्या मागे उभं केलं. तिथे मी अठरा वर्षं राहिले, एका पायरीने कमी.

कोठीच्या दाराला फट होती. फटीतून शेवटचा बाक दिसे. थोरला तिथेच बसू लागला, माझ्या अगदी जवळ. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळे मिळून भाकरी आणि द्राक्षरस घेतात तेव्हा, भाकरीचं ताट रांगेतून फिरत येई. थोरला ते हातात घेई आणि तुकडाही न घेता तसंच पुढे सरकवी. प्याल्याचंही तेच. लोकांना तो फार नम्र वाटे. पण मनात दोष दडवून ती भाकरी घ्यायची नसते, हे त्याला ठाऊक होतं.

तो चर्चचे बाक घासून काढी, खिडक्या रंगवी, तेही फुकट. रोज संध्याकाळी भावाच्या घरी जाऊन जड कामं करून देई. एकदा सतरंज्या न्यायला त्याची भावजय कोठीत आली. तिने त्याला तिथेच अडवलं.

"भाऊजी, रोज येता, मरमर राबता आणि पाण्याचा घोटही न घेता जाता. आमच्या चहात माती पडते का?"

"तसं नाही गं."

"मग कसं आहे?"

तो सतरंजीची गुंडाळी उचलून निघून गेला.

चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, वयाने लहान होते, पण नजर तीक्ष्ण. एका दुपारी थोरला दार रंगवत असताना ते जवळ येऊन उभे राहिले.

"काका, हे दार गेल्या वर्षीच रंगवलं होतंत."

"पोपडे धरलेत."

"दाराला?" पाळक हसले नाहीत. "देवाची कृपा म्हणजे मजुरी नव्हे, काका. घाम मोजून ती मिळत नाही."

"मग कशी मिळते?"

"हात रिकामे असले की. तुम्ही नेहमी ब्रश धरून असता."

पाळक गेल्यावर थोरला बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत बसला. त्या रविवारी मी फटीतून पाळकांचं बोलणं ऐकलं. ते सांगत होते, की प्रभू लाकडाच्या वधस्तंभावर गेला तो दुसऱ्यांचा दोष अंगावर घेऊन. ज्यांच्यासाठी गेला त्यांचे सगळे तडे त्याला आधीच ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही त्याने त्यांना टाकलं नाही. मी लाकूड आहे, मला त्यातलं कितीसं कळणार. पण दोष नसताना आळ वाहणं म्हणजे काय, एवढं मला कळत होतं. थोरला मात्र मान खाली घालून बसला होता. क्षमा आहे हे त्याला पाठ होतं. ती आपल्यासाठीही असेल, या विचाराचीच त्याला धास्ती होती. कारण ती घ्यायची तर आधी तोंड उघडायला हवं.

आणि मग, मित्रांनो, मला पुन्हा उजेडात आणलं गेलं.

चर्चच्या भिंतींना ओल धरली होती. रंगाचं काम धाकट्याच्या लेकीने घेतलं. आता ती बावीस वर्षांची रंगारीण झाली होती. बाप तिला खार म्हणे, इतकी सरसर चढायची. कोठी आवरताना तिला मी सापडले.

"बाबा, ही आजोबांच्या हातची ना? काय सुरेख आहे!"

तिने गावातल्या दुसऱ्या एका सुताराकडून माझी सातवी पायरी नवी बसवून घेतली. त्याने ठोकून पाहिलं, सगळं ठीक म्हणाला. हिरव्या रंगाखालची डाव्या दांड्यातली चीर त्याला दिसणार कशी? ती ठाऊक असलेले आम्ही दोघंच, मी आणि थोरला. आणि थोरला तेव्हा रंग आणायला गेला होता.

उंच भिंतीला मला टेकवलं. धाकटा उलट्या बादलीवर बसला, काठी बाजूला ठेवून त्याने दोन्ही हातांनी मला धरलं.

"बाबा, धरलंय ना?"

ते शब्द अठरा वर्षांनी ऐकले आणि माझ्या बाराही पायऱ्या गार पडल्या. पहिली पायरी. दुसरी. तिसरी. मी कुरकुरले. "म्हातारी बोलते छान," ती हसत म्हणाली. चौथी. डाव्या दांड्यातली पुट्टी भुगा होऊन आतल्या आत सुटू लागली. मला वाटलं, हे दुसऱ्यांदा माझ्याकडून नको. देवा, हिला उतरव, नाहीतर मला आत्ताच, ती खालच्या पायऱ्यांवर असतानाच मोडून टाक.

दारात थोरला उभा होता. हातात रंगाचा डबा. त्याने मला पाहिलं, तिला पाहिलं.

"खारे, खाली ये." त्याचा आवाज अगदी हलका होता.

"का हो काका?"

"शिडी बरी नाही."

"अहो, सुतारानं बघितलीय."

"त्याला दिसायचं नाही." थोरल्याने डबा खाली ठेवला. त्याचे हात रिकामे झाले. "दिसू नये म्हणूनच मी रंग दिला होता."

ती उतरली. एकेक पायरी, हळूहळू. तिचा पाय जमिनीला लागला तेव्हा थोरला गुडघ्यांवर बसला, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या डाव्या दांड्यावरचा रंग खरवडला. चीर बाहेर आली. करंगळी जाईल एवढी रुंद झाली होती.

"छोट्या, शिडीनं दगा नव्हता दिला. ती माझ्या हातून पडली होती. सातवी पायरी तडकलेली मला ठाऊक होती. मी पुट्टी भरली, रंग दिला, आणि तुला म्हणालो, धरलंय, चढ."

बराच वेळ धाकट्याने माझ्यावरचे हात काढले नाहीत. मग काठी उचलली. "चल खारे, घरी जाऊ."

पुढचे तीन दिवस मी तिथेच भिंतीला टेकून होते. थोरला रोज यायचा आणि दाराकडे तोंड करून बसायचा. बाहेर पाऊल वाजलं की दचकायचा. झाकलेल्या तड्याची भीती मी अठरा वर्षं सोसली होती. उघड्या पडलेल्या तड्याची भीती त्याहून वेगळी. आता लपायला जागाच नव्हती.

चौथ्या दिवशी काठी वाजली. धाकटा एकटाच आला. कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्याने भावासमोर धरलं. माझ्या मोडक्या सातव्या पायरीचा तुकडा होता तो.

"दवाखान्यातून आल्यावर मी हा शोधून घेतला," तो म्हणाला. "बघ. तड्याच्या आत पुट्टी आहे. पडताना मोडलेल्या लाकडात पुट्टी नसते, दादा. रंगाऱ्याला एवढं कळतं."

थोरल्याने तुकडा हातात घेतला. "म्हणजे तुला ठाऊक होतं? सगळी वर्षं?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

"मग आता?"

"आता आधी हिचा रंग काढू."

दोघांनी मिळून मला खरवडलं. दोन दिवस लागले. खार चहा घेऊन आली. थोरल्याने कप हातात घेतला, काठाकडे बघत राहिला आणि प्याला. खारीने डाव्या दांड्यातली चीर जिथे संपत होती, त्याच्या खालीच मला करवतीने कापलं. पाच पायऱ्या उरल्या. मग धाकट्याने मला तेल पाजलं, अगदी बापाने सांगितलं होतं तसं.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरातली शिडी, खुर्ची, पाळणा, काहीही तुमच्या हातून तडकलं, तर त्यावर रंग फासू नका. रागावतील, कान धरतील, पण सांगा. आणि तुमच्या मनात कुणाला क्षमा केलेली असेल, तर तीही बंद कपाटात ठेवू नका. हे दुसरं मला गेल्या रविवारी कळलं.

उपासना सुरू व्हायची होती. समोरच्या मेजावर भाकरीचं ताट झाकून ठेवलं होतं. शेवटच्या बाकावरचा दिवा गेला होता, म्हणून थोरल्याने मला आणलं. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला. आयुष्यभर खाली उभं राहून धरणारा माणूस तो. वर जायची त्याची सवय गेली होती.

धाकटा काठी बाकाला टेकवून पुढे आला. त्याने मला दोन्ही हातांनी धरलं.

थोरला वर न बघता, खालीही न बघता, अगदी लहान आवाजात म्हणाला, "छोट्या, धरलंयस ना रे?"

"धरलंय," धाकटा म्हणाला. त्याची पकड माझ्यावर घट्ट झाली. "आणि माफही केलंय, दादा. कधीचंच केलंय. तुला सांगितलं नाही, तेवढा माझा अपराध. दिवा लाव आणि खाली ये. आज ताट पुढे सरकवायचं नाही."